६१ च्या गटात ६६ चा पोरगा

सकाळपासून ते रील फिरतंय. तुम्हीही पाहिलं असेल, कारण निम्म्या मित्रांनी शेअर केलंय. स्पर्धेआधी वजन उतरवणारा कॉलेजचा पैलवान, अंगात प्लॅस्टिकचा सूट, त्यावर दोन जर्किनं, बंद खोलीत ब्लँकेटात गुंडाळलेला. दोन मित्र जुन्या कार्डाने त्याच्या पाठीवरचा घाम खरवडतायत, म्हणजे नवा घाम सुटेल. वर ढोल-ताशा. खाली कॉमेंटी: "याला म्हणतात जिद्द", "वाघ आहे वाघ".

जिद्द नाही ती. कॉलेजच्या जिमखान्याने जुलैतच पोराचा वजनगट ठरवायचा होता, ते केलं नाही आणि त्याचं बिल आता पोराच्या नावावर फाडलंय.

ज्यांना वाटतं पोरगा हौसेने खालच्या गटात उतरतो, त्यांनी आधी कॉलेजची टीम कशी भरते ते बघावं. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे किलोतले वजनगट दहा: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७, १२५. एका गटात कॉलेजचा एकच पैलवान. सांघिक विजेतेपद गटागटातल्या गुणांच्या बेरजेवर, म्हणजे रिकामा गट सरळ शून्य. आता अठरा-वीस वर्षांची आपली पोरं साधारण किती वजनाची असतात? चांगली तीन पोरं असतील तर तिन्ही ६४ ते ६९ मध्ये गर्दी करून बसलेली. १२५ ला गोळाफेकवाला धरून आणतात, ९७ ला कबड्डीत उजवा कोपरा सांभाळणारा एखादा. आणि ६५ ला दोघं आले की जो जरा कमी नावाचा, त्याला सांगतात, "तू ६१ ला जा बाळा, तिथं सोपं आहे."

गेल्या मोसमात असंच एक पोरगं होतं. जुलैत ६६ किलो. ६५ ची जागा कॉलेजच्या नावाजलेल्या पैलवानाची, ती कुणी हलवणार नव्हतं, हे शिपायालाही माहीत होतं. पण पोराला ६१ खेळायचंय हे कळलं वजनाच्या आठ दिवस आधी, प्रवेशअर्ज भरताना. आठ दिवसांत पाच किलो! वजनाच्या दिवशी पहाटे काट्यावर ६१.३. मग मैदानाला फेऱ्या, बाटलीत थुंकणं, शेवटी वस्ताऱ्याने डोक्याचे केस. ६१.० आलं तेव्हा टाळ्या पडल्या. त्याला हसूही येईना, कारण ओठ हलवले की फुटत होते.

वजन सगळेच तोडतात, मला माहितीये. एक-दीड किलो पाणी आदल्या दिवशी काढणं यात काही जगावेगळं नाही. झोपेतच अर्धा-पाऊण किलो जातं. ठीक.

पण ६६ चे ६१ म्हणजे साडेसात टक्के. पोटावर चिमटीत कातडी येत नाही अशा पोराचं पाच किलो आठ दिवसांत उतरवायचं तर चरबी कुठून आणणार? पाणीच जाणार, आणि स्नायूत साठवलेली साखर जाणार. त्या साखरेच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून भात-भाकरी बंद केली की काटा झरझर उतरतो आणि सगळ्यांना वाटतं, वा, जमतंय की! पण सहा मिनिटांच्या कुस्तीत जाळायला तीच साखर लागते. रक्तातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, हृदय जास्त ठोके मारतं, घाम येईनासा होतो, अंग तापत जातं. पाणी पिऊन तोंड ओलं होतं, स्नायू भरायला पुरा दिवस जातो. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं, तेव्हा रात्रभर खाऊन-पिऊन थोडंफार भरून यायचं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमानेच वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी. हातात दोन-तीन तास. नियम बदलला, आमच्या जिमखान्यांची डोकी आदल्या संध्याकाळीच अडकली आहेत.

त्या पोराची पहिली कुस्ती सांगतो. पहिल्या तीन मिनिटांत त्याने एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून खाली पाडून, ताबा घेतला, दोन गुण. लगेच भारंदाज, म्हणजे खालच्याला कवळ्यात धरून लोळवणं, आणखी दोन. मग पुन्हा पट. ६-० अशी आघाडी. आमच्या बाकावर लोक उभे राहिले. अर्ध्या मिनिटाची विश्रांती झाली आणि दुसऱ्या फेरीत जो उतरला तो वेगळाच माणूस होता. हात वर राहीनात. समोरच्याने नुसतं ढकलत रेषेबाहेर काढलं, एक गुण. पंचाने नकारात्मक कुस्तीचा इशारा दिला, पुन्हा तेच, तीस सेकंदांचं घड्याळ लागलं, त्यात याला काही करता आलं नाही, दुसरा गुण. मग समोरच्याचा ताबा आणि पाठोपाठ दोन भारंदाज. ६-८. पाचव्या मिनिटाला तो पालथा पडलेला होता आणि भारंदाज रोखायला छाती मॅटला दाबून धरायची असते, एवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. डाव येत नव्हता असं नाही. ज्याच्याकडून हरला तो पुढच्याच फेरीत बाद, त्यामुळे रेपेचाजचंही, म्हणजे हरलेल्याला ब्राँझसाठी मिळणाऱ्या दुसऱ्या संधीचंही दार बंद. ६१ मधून कॉलेजला एक गुण नाही. गट रिकामा ठेवला असता तरी तेच आलं असतं.

विनेश फोगाटची आठवण काढून रडणारे आपण सगळे. २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० किलोची फायनल, १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद. त्या शंभर ग्रॅमवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण ती ५० मध्ये का होती? तिचा गट ५३ चा. तिथला कोटा, म्हणजे ऑलिंपिकची भारताची जागा, दुसऱ्या मुलीने आधीच मिळवला होता. म्हणजे जे ऑलिंपिकला झालं तेच दर वर्षी विभागीय स्पर्धेत पत्र्याच्या शेडमध्ये होतं, फक्त तिथे कॅमेरा नसतो. आता रील काढायला असतो म्हणा.

"मग अमन सेहरावतचं काय? पॅरिसलाच दहा तासांत ४.६ किलो उतरवून ब्राँझ आणलंच ना?" आणलं. मान्य. त्याच्याभोवती रात्रभर जागे असलेले प्रशिक्षक होते, मालिश होती, सॉना होता, आणि तो अमन आहे. आणि त्याच अमनला २०२५ च्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरल्याने कुस्ती न खेळता परतावं लागलं, हेही त्याच वाक्यात सांगत चला. जगातल्या पहिल्या दहांत बसणाऱ्याचं हे होतं, तर मेसच्या डाळीवर राहणाऱ्या बी.ए. भाग दोनच्या पोराचं काय होईल?

अमेरिकेत कॉलेजची कुस्ती म्हणजे मोठं प्रस्थ. तिथे १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेजचे पैलवान वजन तोडताना मेले. तिघंही रबरी सूट घालून, गरम खोलीत घाम काढत होते. त्यानंतर त्यांनी रबरी सूट आणि सॉनावर बंदी घातली आणि मोसमाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचा किमान गट ठरवायला सुरुवात केली. आधी लघवीची तपासणी: विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत लघवी किती दाट, १.०२० च्या वर असेल तर अंगात पाणी कमी आहे, घरी जा, नंतर ये. मग चरबी मोजायची, पाच टक्क्यांच्या खाली जाईल असा गट पुरुषाला मिळत नाही. आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. आपल्याकडे कुणी मरेपर्यंत थांबायचं आहे का? रील करणाऱ्याला विचारतोय.

बरं, आता जरा शांतपणे.

जिमखान्याच्या सरांवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. एक माणूस, अठरा खेळ, बिलं, बोनाफाईड, दहावीच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, प्राचार्यांची सही, वर नॅकची फाईल. पोरगा वर्षभर तालमीत वस्तादांच्या हाताखाली, सरांना तो दिसतो अर्जापुरता. वस्तादांचा हिशोब वेगळा. दिवाळीनंतर जत्रांतले कुस्त्यांचे फड सुरू होतात, तिथे वजनगट नाही, जोड नजरेने लावतात, आणि अंगाने भरलेल्या पोराला मोठी जोड, मोठं इनाम. त्या इनामावर घरचा खुराक चालतो. म्हणजे वस्तादांना पोरगा ७० हवा, कॉलेजला ६१, आणि दोघं एकमेकांना फोन करत नाहीत. मातीत चितपट होईपर्यंत दम राखून लढायचं, मॅटवर सहा मिनिटांत गुण काढायचे. एकाच पोराकडून दोन्ही, तेही दोन वेगळ्या वजनांत.

आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून खाशाबा जाधवांना ऑलिंपिकला जायला सात हजार रुपये उभे करून दिले. १९५२, हेलसिंकी, ५७ किलो, ब्राँझ. पंधरा जानेवारीला त्यांचा फोटो प्रत्येक जिमखान्यात लागतो, हार पडतो. घर कुणी मागत नाहीये हो. काही हजारांचा एक डिजिटल काटा आणि एक वही मागतोय.

काटा पक्क्या फरशीवर ठेवा, मॅटवर किंवा सतरंजीवर नाही, तिथे तो खोटं सांगतो. महिन्यातून एकदा जिमच्या वीस किलोच्या दोन प्लेटा ठेवून तपासा. स्पर्धेच्या काट्यात आणि तुमच्या काट्यात दोन-तीनशे ग्रॅमचा फरक असू शकतो हे धरूनच चाला. दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता, फक्त लंगोटावर वजन, आणि वहीत नोंद. सरावाच्या आधी आणि नंतर वेगळं. दोन तासांत एक किलो गेलं तर दीड लिटर परत प्यायचं, ते गेलेलं किलो म्हणजे कमाई नव्हे. लघवी गडद पिवळी असेल त्या दिवशीचं वजन खरं मानू नका. लघवी तपासायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, गुरुत्वाचा रकाना असलेल्या बघून घ्या.

६६ च्या पोराला दीड टक्क्याच्या हिशोबाने आठवड्याला जेमतेम एक किलो उतरवता येतं. म्हणजे ६१ साठी पाच-सहा आठवडे, तेही अंगावर तेवढी चरबी असेल तर. जुलैत प्रवेश, विभागीय स्पर्धा पावसाळा सरता सरता. वेळ भरपूर असतो, विषय कुणी काढत नाही एवढंच. चरबी नसेल तर ६१ हा विषयच नाही, जुलैतच मिटवून टाका.

वजन झाल्यावर पोरं काय करतात तर बाहेर येऊन थंडगार कोल्ड्रिंक, वडापाव, आणि कुणाचा तरी काका किटलीत बदामाची थंडाई घेऊन उभा. दूध-बदाम त्या वेळी पोटात दगडासारखे बसतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, दर पंधरा मिनिटांनी पाऊण पेला, एका दमात नाही, नाहीतर उलटून पडेल. मग केळी, खजूर, मऊ भात मीठ घालून. मिसळ रात्री खा, पदक मिळो न मिळो.

मुलींच्या टीमचं तर याहून वाईट. गट ५० पासून ७६ पर्यंत दहाच्या दहा, पोरी मिळतात चार, मग त्या चौघींना वर-खाली ओढून चार वेगळे गट तरी भरायची धडपड. महिन्याच्या पाळीत एक-दोन किलो पाणी अंगात राहतं, हे पुरुष सरांना कुणी सांगायचं आणि कसं, म्हणून कुणीच सांगत नाही. आणि पोरगी काट्यावर अर्धा किलो जास्त भरली की "खाण्यावर ताबा नाही" हे ऐकून घेते.

विभागीय स्पर्धा तोंडावर आहे. ज्यांच्या टीममध्ये आत्ता ६५ ला दोघं आहेत त्यांनी या आठवड्यात दोघांची कुस्ती लावा, मॅटवर, घड्याळ लावून, बाहेरचा पंच आणून. नाव कुणाचं मोठं हे बघू नका. जिंकेल तो ६५, आणि हरेल त्याला ७० ला खेळवा. ६६-६७ चा पोरगा ७० मध्ये हलका पडेल, ताकदीत मार खाईल, वरून दाब आला की त्रास होईल. पण पोटभर जेवून उतरेल, पायात वेग असेल, पट काढायला खाली जाऊन परत वर येता येईल, आणि पाचव्या मिनिटाला त्याच्यात दम उरलेला असेल. ७० ला त्याच्यासमोर येणाऱ्यांपैकी निम्मे तर ७५ वरून पाणी काढून आलेले असतात.