नका म्हटलं तरी

अकाबाने म्हणजे तोक्योचं उत्तर टोक, किता वॉर्ड. पर्यटकांचे लोंढे शिंजुकूला जातात. इथे येतात ते ऑफिस सुटलेले, रिटायर झालेले आणि घरी लवकर जायचं नसलेले. स्टेशनाबाहेर इचिबानगाईची गल्ली, तिच्या पोटात आणखी बोळ आणि दारोदारी लाल कंदील. काही इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचे गुत्ते, तर सकाळीच उघडतात. आमच्याकडे त्या वेळी पोहे मिळतात.

मला नेलं बुचोंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी. मी शाकाहारी आहे हे त्यांना दोन वर्षं माहीत आहे आणि त्यातून त्यांनी 'म्हणजे कोंबडी चालेल' एवढंच घेतलंय.

स्टुलावर टेकतो न टेकतो तोच पुढ्यात चिमुकली वाटी. मुळ्याचे दोन तुकडे. कांदा-लिंबू देतात तसं फुकट असेल, म्हणून मी खूश. ती निघाली 'ओतोशी': न मागता येते, खा न खा, बिलात चढते. मुळा माशाच्या पाण्यात शिजला होता हे नंतर कळलं. तोवर मी "वा, काय चव आहे!" म्हणून बसलो होतो.

मग भाजलेला तोफू मागवला. त्यात काय असणार? तो आला, आणि त्याच्यावर काहीतरी हलत होतं. कागदाहून पातळ, गुलाबी-तपकिरी पापुद्रे वाफेवर वळवळत होते. "कात्सुओबुशी," बुचो म्हणाले. मासा सुकवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यावर तासतात. तासल्यावरही हलणाऱ्या त्या माशाला आमच्या आजीने हळदकुंकू वाहिलं असतं. मी एकेक पापुद्रा उचलून बुचोंच्या बशीत ठेवू लागलो. त्यांना तो आदर वाटला.

प्यायला होप्पी. 1948 साली बाजारात आलेलं हे पेय दिसतं बिअरसारखं, मद्य जेमतेम 0.8 टक्के. ते शोचू नावाच्या कडक जपानी दारूवर ओतून घ्यायचं. ग्लासातली शोचू आधी संपते, बाटलीतली होप्पी उरते. मग नुसती शोचू पुन्हा मागवायची. तिला म्हणतात 'नाका', म्हणजे 'आतलं'. गलक्यात मात्र ऐकू येतं सरळ 'नका'.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक! काउंटरमागच्या मावशींनी रिकाम्या ग्लासाकडे बोट दाखवलं. दमलेल्या माणसाच्या तोंडून मातृभाषाच निघते. मी हात आडवा धरून म्हणालो, "नका, नका!"

"हाय!" म्हणजे जपानीत 'हो', असं म्हणत त्यांनी ग्लास भरला.

दुसऱ्यांदा मी आणखी अजिजीने, "अहो, आता नका ना!" त्यांनी आणखी तत्परतेने ओतली. तिसऱ्यांदा शेजारचे आजोबा बुचोंकडे वळून कौतुकाने म्हणाले, यांना जपानी फार छान येतं हो.

बिलाच्या चिठ्ठीवर आपण चार उभ्या रेघांवर एक आडवी मारतो, तसं हे लोक पाच रेघांचं एक अक्षर पुरं करतात. आमचं पुरं झालं होतं. दोन रेघा बुचोंच्या, तीन माझ्या सभ्यपणाच्या. मी विचारलं, या अक्षराचा अर्थ काय?

बुचो म्हणाले, "बरोबर."