मासा बरा आहे ना?

गेल्या मे महिन्यात आमच्या नौपाड्यातील घरी जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा एक क्लाउनफिश आला आणि तेव्हापासून घरातील कोणाही माणसाच्या प्रकृतीची चौकशी झालेली नाही. खाऱ्या पाण्यातील नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नसतो. चार ते सहा आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून निरखावे लागते. विलगीकरण हा शब्द आपण २०२० सालीच पुरेसा वापरून घेतला, अशी माझी समजूत होती. पण आमच्या हॉलमध्ये एक लहान टाकी आली, तिच्यात स्पंज फिल्टर आला आणि पाहुण्याला लपता यावे म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा एक एल्बो आला. उभी हयात हिशेब खात्यात गेल्यामुळे मी एक रजिस्टरही उघडले.

अडचण अशी की निरोगी क्लाउनफिश मुळातच आजाऱ्यासारखा वागतो. तो सरळ पोहत नाही, लग्नाच्या वरातीत पुढे नाचणाऱ्या मामासारखा अंग घुसळत जातो. आणि रात्री एखाद्या कोपऱ्यात कुशीवर कलंडून झोपतो. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलेलो मी ‘गेला’ असे इतक्या मोठ्याने म्हणालो की आतून सौभाग्यवतींनी ‘कोण?’ असे विचारले. त्यानंतर रोज रात्री टॉर्च लावून कल्ल्यांची उघडझाप मोजण्याचा परिपाठ सुरू झाला. पहिल्या मिनिटाला ८४, दुसऱ्या मिनिटाला ९७, तिसऱ्याला ११२. श्वास वाढत चालला म्हणून मी घाबरलो. झोपलेल्या कोणाच्याही तोंडावर टॉर्च मारला तर त्याचा श्वास वाढेल, हे मला चौथ्या रात्री सुचले.

दिवसाची काळजी वेगळी होती. टाकीचे तापमान २६ अंशांच्या आसपास हवे आणि ठाण्याच्या मे महिन्यात दुपारी ते ३० वर जाई. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासा धापा टाकू लागतो, म्हणून घरातील एकुलता एक टेबलफॅन टाकीकडे वळवण्यात आला. वाऱ्याने पाणी गार झाले खरे, पण ते उडूनही जाऊ लागले; मीठ मात्र उडत नाही, ते मागेच राहते. त्यामुळे १.०२५ वर बसवलेली घनता संध्याकाळपर्यंत १.०२७ होई आणि मी ग्लासाने मोजून बिनमिठाचे आरओचे पाणी ओतत बसे. शेजारच्या काकांनी ‘एवढी खटपट कशाला, खाडी आहे की जवळ’ असे सुचवले. भरती-ओहोटीबरोबर आणि पावसाबरोबर जिचा खारेपणा बदलतो, त्या ठाण्याच्या खाडीचे पाणी मी आणणार नव्हतो. मात्र तसे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि तेवढ्यात पाणी आणखी उडाले.

अमोनियाची चाचणी हा तर कौटुंबिक कलहच ठरला. परीक्षानळीत थेंब टाकले की पाणी पिवळे राहिले तर अमोनिया शून्य, हिरवट झाले तर धोका. मला पिवळे दिसे. सौभाग्यवतींनी नळी ट्यूबलाइटखाली, मग खिडकीशी, मग स्वतःच्या पदराशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘हा लिंबू नव्हे, पोपटीकडे झुकलेला आहे.’ साड्यांच्या दुकानात तीस वर्षे काढलेल्या नजरेपुढे छापील रंगपट्टीचे काय चालणार? मी निमूटपणे पाव टाकी पाणी बदलले.

पंचविसाव्या दिवशी एल्बोच्या तोंडाशी बसलेल्या माशाच्या शेपटीजवळ मला मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीची हीच खूण! दुसऱ्या दिवशी ठिपका दिसेना, तेव्हा माझे उरलेसुरले अवसान गळाले. कारण हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस काढून आपणहून गळतो, तळाशी कोश करतो आणि त्यातून शेकड्यांनी बाहेर पडून पुन्हा मासा शोधतो. या दुखण्यात ठिपका जाणे हीसुद्धा वाईटच बातमी. मी रजिस्टर काढून सहा आठवडे नव्याने मोजण्यासाठी ‘दिवस पहिला’ असे लिहिले.

‘अहो, काल कणीक मळताना तुम्ही हाक मारलीत, तेव्हा मी काचेला हात टेकला होता,’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘पिठाचा ठिपका होता. आज सकाळी पुसला मी.’

मासा एल्बोतून अर्धा बाहेर येऊन अंग घुसळत होता. मी रजिस्टर मिटले.

‘असेल,’ मी म्हणालो, ‘पण नोंद झाली आहे. आता खाडाखोड करता येत नाही.’