दंडाचं पाकीट आणि मॉडलिनचा पूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘ऑक्सफर्डला या, पण गाडी वेशीबाहेर ठेवा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. ती जवळजवळ लेखाएवढीच आहे, तेव्हा उत्तरही स्वतंत्रच लिहिते.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. हे गृहस्थ पुण्याचे, मुलाकडे रेडिंगला आले होते. मुलाच्या गाडीतून सगळे ऑक्सफर्ड बघायला गेले आणि पुढच्या आठवड्यात घरी दंडाचं पाकीट आलं. त्यांचं म्हणणं असं: मी इंग्रजांच्या शिस्तीचे गोडवे गाते. तिथला मुख्य रस्ता, हाय स्ट्रीट, खासगी गाड्यांना दिवसरात्र बंद असतो हे मी धादांत चूक लिहिलं, कारण रात्री आठला ते तिथूनच परतले आणि काही झालं नाही. ‘मॅग्डालेन’ पुलाला ‘मॉडलिन’ लिहून मी अज्ञान उघडं केलं. ‘पंधरा मिनिटांचं शहर’ या नावाखाली तिथे लोकांना कोंडून ठेवलंय, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटी, ‘मॅडम, एवढं आहे तर तुम्ही स्वतः कशाला गाडी घेतलीत?’

हाय स्ट्रीटचं तुमचं बरोबर, माझं चूक. खासगी गाड्यांना ती सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा एवढाच वेळ बंद असते. रात्री आठला तुम्ही खुशाल गेलात, ते नियमातच होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. ही बंदी १९९९ सालची, कॅमेरे आले २००७ मध्ये. मधली आठ वर्षं तिथे काय चालत असेल याची कल्पना कुठल्याही पुणेकराला करता येईल.

आणि म्हणूनच शिस्तीबद्दलही अर्धी माघार घेते. ‘तिथले लोक मुळातच शिस्तीचे’ हे माझं वाक्य आळशी होतं. बस गेटपाशी, म्हणजे ही बंदी जिथे सुरू होते तिथे, इंग्रज माणूस वळतो तो संस्कारांमुळे नाही. सत्तर पौंड जातात म्हणून वळतो. एकवीस दिवसांत भरले तर पस्तीस. हे मला कसं ठाऊक? इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी तसंच पाकीट माझ्याही दारात पडलं होतं. होळीचा दिवस होता, मैत्रिणीकडे पुरणपोळ्या पोचवायच्या होत्या. गाडीतलं घड्याळ सहा बत्तीस दाखवत होतं म्हणून मी निर्धास्त पुढे गेले. पाकिटात दोन फोटो होते. एकात लांबून गाडी आणि निळी पाटी, दुसऱ्यात नंबरप्लेट, इतकी स्वच्छ की प्लेटवरचा चिखलसुद्धा मोजता यावा. खाली वेळ छापलेली: सहा सव्वीस. माझं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. ते मीच पुढे लावून ठेवलं होतं, सकाळी उशीर होऊ नये म्हणून. पस्तीस पौंडांच्या त्या पुरणपोळ्या मैत्रीण अजून काढते.

तेव्हा तुमच्या मुलाचा राग मी समजू शकते. पण पाटी दिसलीच नाही, हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. पाट्या असतात, चांगल्या मोठ्या असतात. अडचण अशी की त्या दिसतात त्या क्षणी मागे बस असते, डावीकडून दोन सायकली आलेल्या असतात आणि मागच्या सीटवरून कोणीतरी ‘अगं बाई, केवढा हा मनोरा!’ म्हणत असतं. म्हणून तर गाडी बाहेर ठेवा म्हटलं.

तुम्ही आलात तो रस्ता डोळ्यांसमोर आणते. रेडिंगहून ए ४०७४ धरून, वॉलिंगफर्डला बगल देऊन, हेफर्ड हिलच्या राउंडअबाउटपर्यंत, म्हणजे गोल चौकापर्यंत. इथे तुम्ही लिहिलंय, ‘राउंडअबाउटचं कसलं कौतुक, आपल्याकडेही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात.’ नियम तोच आहे, कबूल. पण ऑक्सफर्डच्या रिंगरोडवर प्रश्न उजवीकडच्याचा नसतोच, आपण कुठल्या लेनमध्ये उभे आहोत याचा असतो. लेनचं नाव डांबरावर रंगवलेलं असतं. ते वाचायचं तर पुढची गाडी हलावी लागते, आणि ती हलली की मागचा तुम्हाला हलवतो. पाऊस असला तर काळ्यावरचं पांढरं चकाकून सगळं एकच होतं. पहिल्या महिन्यात मी हिंक्सी हिलच्या राउंडअबाउटला तीन प्रदक्षिणा घातल्या आहेत, श्रावणातल्या सोमवारी घालाव्यात तशा. चौथ्या वेळी डोळे मिटल्यासारखं करून एका ट्रकच्या मागे लागले आणि ए ३४ महामार्गावर थेट न्यूबरीच्या दिशेने निघाले. घर त्या बाजूलाच होतं हे नशीब.

भारतातल्या लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. पुण्यात अठरा वर्षं गाडी चालवून मी पहिल्या खेपेला नापास झाले. कारण काय, तर नको तिथे थांबत होते. राउंडअबाउटवर जागा असताना पुढे न घुसणं हाही इथे दोषच. मला आजवर कोणी ‘पुरेशी घुसत नाहीस’ म्हटलेलं नव्हतं.

हेफर्ड हिलवरून डावीकडे वळला असतात तर एखाद्या किलोमीटरवर रेडब्रिजचा पार्क अँड राइड होता. १९७३ पासून आहे, या देशातल्या अगदी पहिल्या कायमस्वरूपी तळांपैकी. गाडी तिथे ठेवली की बस फॉली ब्रिजवरून सेंट ऑल्डेट्सला, क्राइस्ट चर्चच्या टॉम टॉवरसमोर सोडते. तुम्ही उजवीकडे वळलात, रोझ हिल चढून इफ्ली रोडला लागलात आणि ‘एक मैलाला पंचवीस मिनिटं लागली’ असं लिहिलंत. त्याच इफ्ली रोडच्या मैदानावर ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टर एक मैल तीन मिनिटं एकोणसाठ पूर्णांक चार सेकंदांत धावला होता. पायी.

पुढे ‘द प्लेन’. नाव प्लेन असलं तरी तिथे सरळ काही नाही. काउली रोड, इफ्ली रोड आणि सेंट क्लेमेंट्स असे तीन रस्ते येऊन एका छोट्या राउंडअबाउटवर आदळतात आणि सगळ्यांना एकाच पुलावरून शहरात जायचं असतं. तो मॉडलिनचा पूल. हो, मॉडलिनच. लिहितात मॅग्डालेन, म्हणतात मॉडलिन. ‘किरकी’ म्हणणाऱ्याकडे खडकीतला माणूस बघेल तसं इथे बघतात. तुमच्या जीपीएसमधल्या बाईने तीन वेळा ‘मॅग्डालेन’ सांगितलं असेल, पण ती इथे राहत नाही.

आता जे मला मूळ लेखातच लिहायला हवं होतं ते. पूल ओलांडल्यावर बस गेटच्या आधी उजवीकडे एक सुटका आहे, लाँगवॉल स्ट्रीट. तिथे वळला असतात तर दंड टळला असता, आणि एका जुन्या विटांच्या गॅरेजवरून गेला असतात. ते विल्यम मॉरिसचं. सायकली दुरुस्त करणारा पोरगा, त्याने इथे पहिल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची जुळणी केली. १९१३ मध्ये ती गाडी बाजारात आली. पुढे काउलीला प्रचंड कारखाना उभा राहिला. आज तिथे मिनी बनते. त्याच मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आपली हिंदुस्तान अँबॅसडर आली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिली. सोलापूरला माझ्या मामांकडे होती. गिअर स्टिअरिंगजवळ, मागे आरामात पाच पोरं, आणि उन्हाळ्यात सीटला चिकटलेल्या मांड्या. आणि तुमच्या सोसायटीत एमजी हेक्टर उभी असेल तर तीही याच घरची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. त्या गाड्या १९२९ ते १९८० मी राहते त्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनत होत्या. आता फक्त नाव उरलं, मालक चिनी.

ज्या गावाने अख्ख्या साम्राज्याला गाड्या पुरवल्या तेच गाव गेली पन्नास वर्षं गाड्या बाहेर कशा काढाव्यात या विवंचनेत आहे. लाँगवॉलवरून सरळ पुढे गेलात की सेंट क्रॉस रोड. तिथे गाडीने जायला २९ ऑक्टोबर २०२५ पासून पाच पौंडांचा तात्पुरता कर आहे, तोही कॅमेऱ्याच्या धाकाने. मॉरिसचं गॅरेज आणि तो कॅमेरा यांत चालत काही मिनिटांचं अंतर. तुम्ही म्हणता मी कौतुक करते. मला तर हे बघून हसू येतं.

‘कोंडून ठेवलंय’ हे मात्र अजिबात खरं नाही, आणि ते तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललंय याची मला शंभर टक्के खात्री आहे, कारण माझ्या सासरच्या ग्रुपवरही आलं होतं. झालं असं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा रस्त्यांवर ‘ट्रॅफिक फिल्टर’ लावायचं मंजूर झालं. म्हणजे त्या सहा ठिकाणी ठरावीक वेळेत खासगी मोटार पुढे जाणार नाही, बस जाईल, सायकल जाईल, चालणारा जाईल. मोटारवाल्याने रिंगरोडने वळसा घालून जायचं. रहिवाशांना वर्षाला शंभर दिवसांचे परवाने. त्याच सुमारास दुसऱ्याच एका आराखड्यात घरापासून पंधरा मिनिटांत दुकान, दवाखाना, शाळा असावी असं म्हटलेलं होतं. दोन कागद कोणीतरी एकत्र शिवले आणि ‘पंधरा मिनिटांपलीकडे गेलात तर दंड’ असं जगभर पसरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोर्चा निघाला, लोक लांबलांबून आले, आणि माझ्या माहितीत त्यांना ऑक्सफर्डबाहेर परत जायला कोणी अडवलं नाही.

पण तक्रारी खोट्या आहेत असं नाही. काउली आणि पूर्व ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत २०२१-२२ मध्ये रस्त्याच्या मधोमध खांब रोवून आरपार रहदारी बंद केली. गल्लीतली पोरं रस्त्यावर खेळायला लागली हे खरं, आणि तीच रहदारी काउली रोडवर तुंबली हेही खरं. ते खांब लोकांनी उपटले, गाड्या घालून मोडले, जाळलेसुद्धा. तेव्हा इंग्रजांच्या शिस्तीची काळजी नसावी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंना मी ओळखते. नकाशावर दोन मिनिटांवर असलेल्या दोन घरांमध्ये त्यांना आता वीस मिनिटं गाडीत काढावी लागतात, आणि ती वीस मिनिटं पगारात धरत नाहीत. तुमचा आक्षेप त्यांच्या तोंडून आला असता तर मी मान खाली घातली असती. त्यातच स्टेशनजवळचा बॉटली रोड रेल्वेपुलाच्या कामासाठी एप्रिल २०२३ मध्ये बंद झाला. जमिनीखाली जुनी व्हिक्टोरियन विटांची कमान निघाली, ऑक्टोबर २०२४ चा वायदा ऑगस्ट २०२६ वर गेला. हे वाचून तुम्हाला घरची आठवण आली असेल.

आता शेवटचा प्रश्न. माझं काम ऑक्सफर्डच्या पूर्वेला हेडिंग्टनला, घर दक्षिणेला अ‍ॅबिंग्डनला. पहाटेच्या पाळीला बस जमत नाही, म्हणून गाडी आहे. पण मी शहरातून जात नाही. ए ३४ वर चढते. तिथे दोनच लेन आणि साउदॅम्प्टन बंदरातून वर निघालेल्या ट्रकांची भिंत. हिंक्सी हिलला उतरते, दक्षिणेचा आणि पूर्वेचा बायपास घेऊन मागच्या दाराने हेडिंग्टनात शिरते. ‘स्वतः रिंगरोड अडवून दुसऱ्याला बसचा सल्ला’ असं तुम्ही म्हणू शकता. म्हणा. त्या रांगेतली एक गाडी माझी असते हे नाकारत नाही. पण शहर बघायचं असतं तेव्हा मीही रेडब्रिजलाच गाडी ठेवते. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या कळसावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट आहे. कुक्कुट कसला, अंबारीसकट हत्ती आहे. गाडीच्या काचेतून तो दिसत नाही. मला तो इथे राहायला लागल्यावर चौथ्या वर्षी दिसला, पायी जाताना, मान वर गेली म्हणून.

आणि गाडीनेच यायचं असेल, पैसेही भरायचे असतील, तर पुढच्या खेपेला पश्चिमेकडून, एन्शमवरून या. तिथे टेम्सवर स्विनफर्डचा टोलचा पूल आहे, अठराव्या शतकातला, अजूनही खासगी मालकीचा. मोटारीला टोल पाच पेन्स. कॅमेरा नाही, पाकीट नाही. एक माणूस रस्त्यात उभा राहून हात पुढे करतो आणि त्याच्यामागे गर्दीच्या वेळी लांबच लांब रांग लागलेली असते. मुलाला सुटे ठेवायला सांगा. मी एकदा वीस पौंडांची नोट काढली होती, तेव्हा मागच्यांनी शिस्त दाखवली नाही.