आय-74 वरची न होणारी मॅच

परवा इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. परत येताना गावातल्या बायसन या आइस हॉकी संघाचं मोठं होर्डिंग दिसलं आणि मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "बाबा, आपले रिव्हरमेन यांच्याशी कधी खेळतात?"

"नाही खेळत."

"का?"

"त्यांची लीग वेगळी आहे."

"पण ते तर इथेच राहतात ना?"

यावर मी गप्प. पिओरिया ते ब्लूमिंग्टन अंतर 40 मैल. सांगली-कोल्हापूरपेक्षा थोडं जास्त, बस. मध्ये आय-74 हा सरळसोट हायवे. दोन्ही गावांत व्यावसायिक हॉकी संघ, दोघांचा हंगाम एकच, ऑक्टोबर ते एप्रिल, आणि दोघांचं वेळापत्रक कधी एकमेकांना शिवतसुद्धा नाही. आमचा पिओरियाचा संघ, रिव्हरमेन, एसपीएचएल नावाच्या लीगमध्ये, त्यांचा ईसीएचएलमध्ये. म्हणून आमची पोरं बसमध्ये झोपून आठशे मैलांवर फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला खेळायला जातात आणि शेजारच्या गावाला बायपासने टाटा करतात.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, म्हणून सांगून टाकतो: हे बर्फावरचं प्रकरण आहे, आणि त्यातलंही खालच्या पायरीचं. सगळ्यात वर एनएचएल, 32 संघ. त्याखाली एएचएल, तिथेही 32, म्हणजे वरच्या प्रत्येकाचा एक तयारीचा संघ. त्याखाली ईसीएचएल. त्याच्याही खाली एसपीएचएलसारख्या लीग, ज्यांना वरचा कोणी वाली नाही. तिकीट, बिअर आणि गावातल्या दंतवैद्यांच्या नि गाड्यांच्या शोरूमच्या जाहिराती यांवर जे जमेल ते. टीव्हीचा पैसा नाहीच.

या खालच्या पायऱ्यांवर दर काही वर्षांनी एखादी लीग धापा टाकायला लागते आणि मग जाणकार मंडळी एकच औषध सांगतात: विलीनीकरण करा. सध्या पुन्हा तेच बोलणं कानावर येतं. मी 2007 पासून पिओरियात आहे, त्यातली बरीच वर्षं या संघाच्या मॅच बघण्यात गेली आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. पटलं नाही तर खुशाल भांडा.

आमच्या गावाची कुंडली बघा. रिव्हरमेन हे नाव इथे 1984 पासून आहे, इलिनॉय नदीवरून पडलेलं. तेव्हा संघ आयएचएल नावाच्या, आता बंद पडलेल्या लीगमध्ये होता. 1985 आणि 1991 मध्ये त्यांनी तिथला टर्नर कप जिंकला. 1990-91 च्या हंगामात सलग 18 मॅच जिंकल्या, त्याचं कौतुक जुनी माणसं अजून असं करतात की जणू कालच झालंय. 1996 मध्ये तो संघ सॅन अँटोनियोला गेला आणि गावाला ईसीएचएल मिळाली. तिथला करंडक, केली कप, 2000 मध्ये जिंकला. 2005 मध्ये एनएचएलमधल्या सेंट लुईस ब्लूजने आपला तयारीचा संघ वूस्टरहून उचलून इथे आणला, म्हणजे एएचएल, एनएचएलच्या खालोखालची पायरी. आम्ही आलो तेव्हा हा वैभवाचा काळ चालू होता. 2013 मध्ये ब्लूजने फ्रँचायझी व्हँकुव्हर कनक्सला विकली, त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला नेली. खेळ संपला. मग स्थानिक मंडळी एकत्र आली, एसपीएचएलची जागा घेतली आणि जुनंच नाव परत लावलं.

चार लीग, नाव एक. लोकही तेच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात, बुलडोझरसारखी अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी एकदा विचारलं होतं, एएचएलमधून एकदम दोन पायऱ्या खाली आलो, वाईट नाही वाटत? त्यांनी नाचोचा डबा खाली ठेवला, समोर बोट दाखवलं आणि म्हणाले, "बर्फ तर तेवढाच गार आहे." एवढं बोलून परत नाचो.

आमच्या वायव्येला 90 मैलांवर मोलीन. त्या परिसराला क्वाड सिटीज म्हणतात. त्यांची कहाणी ऐकाल तर आमची बरी वाटेल. 1995 मध्ये मॅलार्ड्स संघ आला, कलोनियल लीगमध्ये. त्या लीगने दोन वर्षांत नाव बदलून युनायटेड केलं. 2007 मध्ये मॅलार्ड्स गेले आणि एएचएलचा संघ आला, तो दोन वर्षांत गेला. मग मॅलार्ड्स परत, या वेळी नव्या आयएचएलमध्ये, म्हणजे त्याच युनायटेड लीगने जुन्या मेलेल्या लीगचं नाव लावलेलं. 2010 मध्ये ती सेंट्रल लीगमध्ये विलीन झाली. 2014 मध्ये सेंट्रल लीग ईसीएचएलमध्ये विलीन झाली. 2018 मध्ये मॅलार्ड्स बंद पडले आणि एसपीएचएलचा स्टॉर्म आला. एवढ्यात स्टेडियमची नावंही चार झाली. तिथल्या एखाद्या माणसाने 1995 पासूनच्या सगळ्या टोप्या जपून ठेवल्या असतील तर त्याला वेगळं कपाट लागत असेल.

आता त्या 2014 च्या विलीनीकरणाबद्दल, कारण तेव्हाची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ऑक्टोबर महिना, हंगाम तोंडावर आलेला, आणि बातमी आली की सेंट्रल लीग आवरली, तिचे उरलेले सात संघ ईसीएचएलमध्ये जाणार. तेव्हा माझे वडील इथे आले होते. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेती खात्यात गेली, ऊस तोडणी आणि वाहतूक. मी त्यांना मॅचला घेऊन गेलो. आधी त्यांना पटेना की बाहेर एवढी थंडी असताना लोक पैसे देऊन आत बर्फ बघायला येतात. मग मध्यंतरात चक-अ-पक झालं. हा प्रकार खास खालच्या लीगचा: दोन-चार डॉलरला फोमच्या पक, म्हणजे या हॉकीत चेंडूऐवजी असते तशा चकत्या, विकत घ्यायच्या, प्रत्येकीवर नंबर, आणि सगळ्यांनी एकदम बर्फावर फेकायच्या, मधल्या खुणेच्या सगळ्यात जवळ ज्याची पडेल त्याला बक्षीस. शेकडो पक एकदम हवेत उडाल्या आणि बाबा उभे राहिले. "हे बरं आहे," म्हणाले. "सभासदाला पण फेकायला मिळतंय."

घरी येताना मी त्यांना बातमी समजावली. एक लीग तोट्यात होती, ती दुसरीत मिसळली. ते लगेच म्हणाले, "दोन आजारी कारखाने एकत्र केले तर एक मोठा आजारी कारखाना होतो रे. ऊस किती लांबून येतो ते विचार आधी. गाळप कितीही वाढवा, वाहतूक अंगावर आली की बसला कारखाना खाली." आणि थोडं थांबून, "आपल्याकडे दोन कारखान्यांत कमीत कमी 25 किलोमीटर हवाई अंतर लागतं. तुमच्या इथे उलटा नियम पाहिजे. एवढ्यापेक्षा जास्त अंतर नको."

दहा वर्षं होऊन गेली, हॉकीच्या विलीनीकरणावर यापेक्षा शहाणं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

कारण इथे खरी वाहतूक बसची आहे. एसपीएचएलचा संघ हंगामात पन्नासहून जास्त मॅच खेळतो, त्यातल्या निम्म्या बाहेर. प्रत्येक बाहेरच्या मॅचला बस, डिझेल, ड्रायव्हर, मोटेल, जेवण. आठशे मैल जाऊन शुक्रवार-शनिवार दोन मॅच खेळायच्या आणि रात्रभर परत यायचं. खेळाडूंचा पगार काय तो सांगायलाही लाज वाटावी असा. आता विचार करा, लीग मोठी झाली म्हणजे काय झालं? नकाशा मोठा झाला. बसचं तोंड अजून लांब वळलं. कागदावर संघ वाढले, मालकाच्या खिशातला डिझेलचा आकडाही वाढला.

जुन्या आयएचएलचा अंत आठवा. 1945 मध्ये डेट्रॉइट आणि नदीपलीकडच्या विंडसरमध्ये चार संघांनी सुरू झालेली लीग. पुढे मिशिगन-ओहायोतल्या कारखानदारीच्या गावांत पसरली, फ्लिंट, सॅगिनॉ, कॅलमझू, टोलिडो, मस्कीगन. बसने एका दिवसात जाऊन-येऊन होईल अशी गावं. नव्वदच्या दशकात तिला मोठेपणाचं वेड लागलं. लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को, लास व्हेगास, ह्युस्टन, ऑरलँडो. विमानं आली, महागडे खेळाडू आले, जुनी छोटी गावं मागे पडली. 2001 मध्ये कारभार आटोपला तेव्हा 11 संघ होते. एएचएलने त्यातले सहा घेतले: शिकागो, मिलवॉकी, ग्रँड रॅपिड्स, ह्युस्टन, युटा, मॅनिटोबा. सिनसिनाटी ईसीएचएलमध्ये गेला. बाकी चार संपले. आणि त्या चारांत ऑरलँडो सोलर बेअर्स होता, ज्याने त्याच वर्षी लीगचा शेवटचा करंडक जिंकला होता! अंतिम सामन्यात हरलेले शिकागो वुल्व्ज मात्र एएचएलमध्ये गेले आणि पहिल्याच वर्षी, 2002 मध्ये, तिथला कॅल्डर कप घेऊन आले.

याला विलीनीकरण म्हणायचं? मंडईतून भाजी निवडून घ्यावी तसं हे झालं. टवटवीत ती पिशवीत, बाकीची गाड्याखाली.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकांगी लिहितो. 2014 चं विलीनीकरण अगदी फसलं असं नाही. सेंट्रल लीगचा ॲलन अमेरिकन्स हा टेक्सासचा संघ 2013 आणि 2014 मध्ये जुन्या लीगचा विजेता होता. नव्या लीगमध्ये आला आणि 2015, 2016 दोन्ही वर्षी केली कप त्यानेच नेला. म्हणजे बुडणाऱ्या लीगमधली सगळी मंडळी लिंबूटिंबू नव्हती. टल्सा, विचिटा, रॅपिड सिटी, कॅन्सस सिटीजवळचे मॅव्हरिक्स, हेही टिकले. क्वाड सिटी आणि कॅनडातलं ब्रॅम्प्टन गेलं. सातातले पाच, हे वाईट प्रमाण नाही. पण बघा, टल्सा आणि विचिटा एकमेकांच्या टप्प्यात आहेत. ब्रॅम्प्टन टोरोंटोच्या बाजूला. सेंट्रल लीगमध्ये असताना त्यांना ओक्लाहोमा-टेक्सासला जावं लागायचं. त्यांना तिथे घातलं तरी कोणी, हा प्रश्न मला आजही पडतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: लीग जोडू नका, नकाशा जोडा. आय-74 वर मोलीन, पिओरिया, ब्लूमिंग्टन अशी तीन गावं ओळीने आहेत. त्याच रस्त्याने पुढे इंडियाना. तिन्ही संघांनी आपापल्या लीगमध्ये खुशाल राहावं, पण वर्षातून आठ-दहा मॅच आपसात खेळाव्यात आणि त्या गुणतक्त्यात धराव्यात. अडचणी मला माहीत आहेत. ईसीएचएलचा दर्जा वरचा, पगाराचे नियम वेगळे, खेळाडूंचे करार वेगळे. कोणी म्हणेल 9-1 ने हरलात तर कोण येईल बघायला? अहो, येतील. शेजारच्या गावाकडून हरताना लोक जास्त येतात. आठशे मैलांवरून आलेल्या संघाचा राग येत नाही, इथे तर हायवेच्या एक्झिटवरून भांडण करता येतं. आणि बाहेरगावचे प्रेक्षक गाडी काढून येऊ शकतात, बिअर आणि टोपी विकत घेऊ शकतात. पेन्साकोलाहून कोण येणार आहे?

दुसरं म्हणजे वेळ. जे काही जोडायचं-तोडायचं ते एप्रिल-मेमध्ये करा. हंगाम तोंडावर असताना नको, आणि हंगामाच्या मध्ये तर नकोच. आमच्यापासून फार लांब नसलेल्या डॅनव्हिलमध्ये व्हर्मिलियन काउंटी बॉबकॅट्स नावाचा संघ 2021 मध्ये आमच्याच लीगमध्ये आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये, हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडला. ज्यांनी सीझन पास काढले होते त्यांनी त्याचं काय करायचं? पोरांनी महिन्याचं भाडं कुठून भरायचं? लीगमध्ये घेतानाच संघाकडून हंगामभर पुरेल एवढी रक्कम ठेव म्हणून घ्यायला हवी, आणि ती भरता येत नसेल तर त्या गावाला सरळ नाही म्हणावं. उत्साहाला हरकत नाही, पण आधी ठेव भरा.

पिओरियाचंही सगळं आलबेल आहे असं नाही. 2017 मध्ये कॅटरपिलरने मुख्यालय इथून हलवायचं जाहीर केलं तेव्हा गावाला जो धक्का बसला तो मी ऑफिसात बसून पाहिलाय. हॉकीचंही तसंच. 2024 च्या सुरुवातीला, आमच्या मॅच होतात त्या सिव्हिक सेंटरमधल्या बर्फ गोठवणाऱ्या जुन्या यंत्रणेवरून संघ इथे राहणार की जाणार अशी वेळ आली होती. संघ राहिला, आणि त्याच हंगामात एसपीएचएलचा करंडक, प्रेसिडेंट्स कप, जिंकला. त्या रात्री आजोबांनी मला मिठी मारली, सतरा वर्षांत पहिल्यांदा. जॅकेटला बिअरचा वास दोन दिवस राहिला.

ब्लूमिंग्टनला विमा कंपनीत, इकडे कॅटरपिलरमध्ये, दोन्हीकडे आपली मराठी घरं आहेत. गणपतीला आरतीला आपण 40 मैल गाडी काढून एकमेकांकडे जातोच ना? मग रिव्हरमेन आणि बायसन यांनाच काय झालंय?

असो. शनिवारी घरची मॅच आहे, समोर क्वाड सिटी, म्हणजे निदान एक तरी शेजारी. माझ्याकडे दोन तिकिटं जास्तीची आहेत. लेक म्हणते, ज्यांना यायचंय त्यांनी चक-अ-पकचे पैसे आपापले आणायचे. ब्लूमिंग्टनकरांनी आलात तरी चालेल, पण टोपी आमची घालावी लागेल.