तुम्ही कुठल्या बराकीतले?

मेलबर्नच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या माणसानं नाव विचारायच्या आधी विचारलं, "हू डू यू बॅरक फॉर?"

मी पुण्याचा. बराक म्हटलं की मला येरवडा आठवतो. व्हिसा, पोलिसांचा दाखला, सगळं जागेवर असूनही घाम फुटला. मग कळलं की आपल्या टीमसाठी घसा फोडण्याला इथे बॅरक करणं म्हणतात आणि प्रश्न 'फूटी'चा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा होता. "कुणासाठीच नाही," म्हणालो, तर गणपतीत मोदक नाकारणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

त्याच आठवड्यात थंडी कडाडली आणि सेलमध्ये काळा-पांढरा मफलर मिळाला. ट्राममध्ये दोन अनोळखी माणसांनी पाठ थोपटली, तिसऱ्यानं मोठ्या आस्थेनं माझे दात मोजले. काळे-पांढरे पट्टे म्हणजे फूटीतला कॉलिंगवूड क्लब, आणि कॉलिंगवूडची अख्खी रांग आ वासून बसली तरी बत्तीशी एकच भरते, हा इथला जुना विनोद. सेलमधल्या मफलरबरोबर तो मला फुकट मिळाला.

घरी आलो तर बायकोच्या गळ्यात गडद निळा मफलर! शेजारचे आजोबा जन्मापासून कार्लटनचे. कुंपणावरून लिंबं देता देता त्यांनी हिला दीक्षा देऊन टाकली होती. सोबत 1970 ची फायनलही ऐकवली होती. एमसीजीवर 1,21,696 माणसं, मध्यंतराला कॉलिंगवूड 44 गुणांनी पुढे, आणि शेवटी जिंकलं कार्लटन. तेव्हापासून मी घरात कुठलाही वाद जिंकत आलो की ही शांतपणे म्हणते, "अजून मध्यंतरच झालंय हं."

खेळ तसा मला कळतो. अठरा विरुद्ध अठरा, चेंडू लांबट, मैदान आपल्या क्रिकेटचंच. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथाडला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तरी 1. नेम हुकल्याचाही गुण! दहावीच्या भूमितीला ही पद्धत असती तर मी बोर्डात आलो असतो.

पण खरी पंचाईत स्टेडियममध्ये. दोन्हीकडचे लोक इथे मांडीला मांडी लावून बसतात. एका हातात खिमा भरलेला मीट पाय, दुसऱ्या हातात सॉसची पुडी, अशा अवस्थेत शेजारून सख्खी बायको आपल्या कॅप्टनच्या नावानं बोटं मोडत असेल तर माणसानं करायचं काय? मी नुसतं "बॉऽऽल!" म्हणून ओरडलो तरी ही पर्समधून खोकल्याची गोळी काढून देते.

2023 चा सप्टेंबर. गौरी गेल्या त्याच संध्याकाळी कार्लटनही गेलं. ब्रिस्बेनकडून 16 गुणांनी हरलं, फायनल एका पावलावर असताना. त्या रात्री मला गार वरण मिळालं आणि मी गप्प राहून ते खाल्लं. पुढच्या शनिवारी फायनलमध्ये त्याच ब्रिस्बेनला आम्ही कॉलिंगवूडवाल्यांनी चार गुणांनी हरवलं आणि माझी जीभ सुटली.

"तुमचं शेवटचं विजेतेपद 1995 चं ना गं? तेव्हा आपण शाळेत होतो."

"आणि तुमचं हे कितवं?"

"सोळावं!"

"आमची सोळा तेव्हाच झाली होती. बरोबरी केल्याबद्दल अभिनंदन."

दुसऱ्या दिवशी मफलर मिरवत चालायला निघालो. इथे वसंतात मॅगपाय पक्षी पिलांच्या काळजीनं येणाऱ्या-जाणाऱ्यावर झडप घालतात. तोच पक्षी कॉलिंगवूडचं बोधचिन्ह, म्हणून मी निर्धास्त होतो. त्यानं मागून येऊन टाळूवर चोच मारली. ही डेटॉल लावताना म्हणाली, "नेम मात्र तुमच्या फॉरवर्डपेक्षा चांगला आहे."

शेवटी सहानुभूतीसाठी पुण्याला फोन लावला.

"आई, माझी टीम जिंकली!"

"म्हणजे सूनबाईची हरली? बिचारी. मी तिच्या बाजूनं."

"अगं, तुला खेळ तरी माहीत आहे का?"

"खेळाचं राहू दे. काळं संक्रांतीला ठीक आहे रे, दर शनिवारी कशाला घालतोस?"

मागून बाबांचा आवाज आला, "निळा मफलर कितीला पडतो, विचार त्याला."