‘शेतकरीपुत्र’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या दुष्काळावरच्या माझ्या लेखाखाली ‘शेतकरीपुत्र’ या नावाने काल एक प्रतिक्रिया आली. पहिलंच वाक्य असं: ‘मुंबईत चोवीस तास नळाचं पाणी पिणाऱ्यांनी आम्हाला दुष्काळ शिकवू नये.’ पुढे ऊस, पीक विमा आणि लेखाची लांबी यांवरून तक्रार आहे. लेख लांबला, हे मान्य. पण आधी हे पहिलं वाक्य.

चोवीस तास? आमच्या भांडुपच्या चाळीत पाणी पहाटे येतं आणि पिंप भरेपर्यंत जातं. जून 2024 मध्ये तलाव तळाला गेले तेव्हा दहा टक्के कपात झाली, तीही सोसली. याला मी हाल म्हणत नाही, लेखातही म्हटलेलं नाही. पण समोरच्याचं घर न बघता तोंडावर वाक्य फेकायचं, ही कुठली रीत? टीका करा, जरूर करा. लायकी काढू नका.

आणि नळाचंच म्हणाल, तर ते पाणी येतं भातसा आणि तानसातून. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी मान खाली घातली असती. पण तुम्हाला पाण्याबद्दल बोलायचंच नव्हतं, मला गप्प बसवायचं होतं.

आम्ही मुंबईत का आलो, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीच सांगतो. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये 500 गाठायची मारामार. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, आमच्या वाट्याला नुसता वारा. सगळी भिस्त परतीच्या पावसावर, आणि तो चुकला की शाळू (रब्बी ज्वारी) गेला, कडबा गेला, मागोमाग जनावरं बाजारात.

माझे वडील 1972 च्या दुष्काळात आले. आधी गावाकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, मग मशीद बंदरला पाठीवर गोणी घेतल्या. गावकीच्या खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. माण, खटाव, जावळी, पाटणच्या अशाच पाठींवर या शहराचे बाजार उभे राहिले. 1969 चा माथाडी कायदा झाला तोही या पाठींसाठीच. वडील दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. तिच्या कागदावर मजकुराला बोटभर जागा असायची. आजीने ते कागद पत्र्याच्या डब्यात जपले होते. त्यातल्या एकावर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं आहे: ‘बैल इकू नका.’ तो कागद मी हातात धरलेला आहे. मला दुष्काळ कळत नाही, असं म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

2019 मध्ये माझे चुलते जनावरं घेऊन चारा छावणीत राहिले. ऊन डोक्यावर, वर हिरव्या नेटचं छप्पर, आणि रात्री म्हशींच्या पायाशीच पथारी. मी तिथे जाऊन आलो ते लेख लिहायला नव्हे, डबा आणि औषधं घेऊन.

माझा लेख मुळात होता 2023 वर. ऑगस्ट कोरडा गेला आणि 31 ऑक्टोबरला राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातून वाई आणि खंडाळा आले. माण नाही! पिढ्यान्‌पिढ्या ज्या तालुक्याची ओळखच दुष्काळी, तो यादीबाहेर. निकष कसे लावले आणि पावसाचा खंड कुठे कसा मोजला, हे मी विचारलं होतं. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

राहिला ऊस. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण माझा लेख माणच्या बाजरीवर आणि शाळूवर होता, उसावर नव्हता. पीक विम्याचे कागद ज्यांनी नाचवलेत त्यांनी त्यावर लिहावं, मी छापीन.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, राहू दे. मात्र पुन्हा लिहाल तेव्हा टोपणनावाशेजारी गावही लिहा. माझं गाव लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे.