तो त्रिकोण डेलचा नाही, आणि एडिसनचं भाकीतही फसलं होतं

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात: पहिल्या पावसाचा फोटो, गणवेशाच्या कापडाची चौकशी आणि तो रंगीत त्रिकोण. यंदा त्रिकोणाखाली लांबलचक मजकूरही होता. त्याचा गोषवारा असा: माणसाला वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहून ऐकलेलं ५० आणि स्वतः केलेलं ९०, हे एडगर डेल यांनी सिद्ध केलंय. मेंदूला चित्र शब्दांपेक्षा ६०,००० पट वेगाने कळतं. एडिसनने १९१३ मध्येच सांगितलं होतं की सिनेमा पुस्तकांची जागा घेईल, आणि तसंच झालं. आपल्याकडे मात्र जुन्या शिक्षकांनी खडू सोडला नाही, म्हणून मुलं मागे पडली. तेव्हा आता प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड हवाच. शेवटी अर्थातच ‘प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचवा’.

पोहोचला. आता उत्तर.

आधीच सांगते, परळच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्याकडे दोन वर्गांत असे बोर्ड आहेत, मी ते वापरते, आणि कुणी काढून न्यायला आलं तर दारात आडवी पडेन. माझं भांडण बोर्डाशी नाही, त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींशी आहे.

त्रिकोणापासून सुरुवात करू. एडगर डेल हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक होते. दृक्श्राव्य साधनांवरचं त्यांचं पुस्तक १९४६ साली आलं आणि त्यात ‘अनुभवांचा शंकू’ ही आकृती होती. त्या आकृतीत टक्के नाहीत. एकही आकडा नाही. टोकाला शब्द, तळाला प्रत्यक्ष अनुभव आणि मधे बाकीची साधनं, एवढाच तो शंकू. तो फार शब्दशः घेऊ नका, असंही डेल यांनी बजावलं होतं. टक्केवारी आली नंतर. १९६७ साली दृक्श्राव्य साधनांच्या एका अमेरिकी मासिकात ट्राइकलर नावाच्या लेखकाने असे आकडे छापले आणि त्यांना कुठल्याही प्रयोगाचा आधार दिला नाही. पुढे कुणीतरी ते आकडे उचलून डेलच्या शंकूवर चिकटवले, आणि बी.एड.च्या नोट्सपासून प्रशिक्षणाच्या स्लाइडपर्यंत ते चिकटलेलेच राहिले. मीही परीक्षेत लिहिलेत. मार्क मिळाले.

नुसत्या सामान्य ज्ञानानेही हे आकडे खटकायला हवेत. काय वाचलेलं? पाढे की कविता? कुणी वाचलेलं? किती दिवसांनी विचारलं? मुलांवर खरोखर प्रयोग केला आणि उत्तरं अशी गोल दहा, वीस, तीस आली, हे ज्याने एकदा तरी चाचणीचे पेपर तपासलेत त्याला पटणार नाही. आमच्या आठवीचं सरासरी उत्तर कधी पूर्णांकात येत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. डेलच्या मूळ शंकूत चित्रपट कुठे आहे? तळाला नाही. त्याच्याही खाली प्रदर्शन आहे, सहल आहे, शिक्षकाने करून दाखवलेला प्रयोग आहे, नाट्यीकरण आहे. म्हणजे हाच शंकू पुढे करून कुणी पडदा मागत असेल, तर डेलच्या हिशेबाने त्याने त्याआधी राणीच्या बागेची सहल आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मागायला हव्यात. आमच्या नळ्या फुटून दोन वर्षं झाली, त्यासाठी फॉरवर्ड अजून आलेला नाही.

६०,००० पटीचं फार बोलण्यात अर्थ नाही. हा आकडा जाहिरातींतून आणि प्रचारपत्रकांतून फिरतोय. ओव्हरहेड प्रोजेक्टर बनवणाऱ्या थ्री-एम कंपनीच्या पत्रकातही तो संदर्भाशिवाय छापलेला सापडतो. त्यामागचं संशोधन शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलेलं नाही. ‘लोकशाही’ या शब्दाचं चित्र काढून साठ हजार पट वेगाने समजावून दाखवा, मग बोलू.

आता एडिसन. त्याने ते म्हटलं होतं, यात खोटं काही नाही. जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यविषयक पत्राला दिलेल्या मुलाखतीत, शाळांतून पुस्तकं लवकरच बाद होतील आणि दहा वर्षांत सगळी शिक्षणपद्धती बदलेल, असं तो म्हणाला. पण तेव्हा तो घरगुती आणि शाळेतल्या वापराचे प्रोजेक्टर अन् फिल्म विकत होता, हे फॉरवर्डमध्ये नसतं. वडेवाला म्हणाला की उद्यापासून पोळीभाजी बंद होणार, तर ते भाकीत म्हणायचं का? १९१८ मध्ये एडिसन स्वतःच सिनेमाच्या धंद्यातून बाहेर पडला. दहा वर्षांची मुदत १९२३ ला संपली. त्यानंतर ४४ वर्षांनी, २७ जानेवारी १९६७ ला, महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकं काढण्यासाठी एक संस्था स्थापन केली. तिचं नाव बालभारती. आमच्या वर्गातल्या प्रत्येक दप्तरात एडिसनचं हे ‘खरं ठरलेलं’ भाकीत चार-पाच प्रतींत सापडेल.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी रात्री साडेदहाला टाइप करत बसले: जुने शिक्षक म्हणे नव्याला विरोध करत होते.

या मुंबईत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्याच्या चार वर्षं आधीपासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून खेळ करत होते. नाव होतं शांबरिक खरोलिका. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, वेल वाढत गेला तशी एकेक चौकट टिपली, आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर आणली. ते केलं होतं ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायला, शाळेसाठी नव्हे. पण सातवीच्या विज्ञानाला याहून नेमकी फिल्म मला आजही सुचत नाही. डोळ्याला जे कधीच दिसू शकत नाही ते दिसतं, आणि पडद्याची खरी गरज नेमकी तिथेच असते. तेव्हा कल्पना नव्हती असं नाही.

मग सिनेमा वर्गात का आला नाही? पहिलं कारण आग. त्या काळची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच सोडते. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सेन्सॉरबरोबर प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी जागेचा परवाना आला तो यामुळेच. साठ पोरं आणि एक दार असलेल्या खोलीत असलं यंत्र न लावणाऱ्या हेडमास्तरांना मागासलेलं म्हणायचं की शहाणं? सहज न पेटणारी १६ मिलिमीटर फिल्म कोडॅकने आणली १९२३ मध्ये.

दुसरं कारण फिल्मचंच. १९१० मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्लाइन या चित्रपट-वितरकाने शैक्षणिक चित्रपटांची हजाराहून अधिक नावांची सूची छापली. ऐकायला भरघोस, पण त्यातले बहुतेक थिएटरसाठी काढलेलेच होते, नाव फक्त बदललं. कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्याला कुठली रीळ, हे जुळवणार कोण? खर्च, यंत्र हाताशी नसणं, ते चालवता न येणं आणि धड्याला जुळणारी फिल्म न मिळणं, ही चार कारणं तिकडच्या शिक्षकांनीही वर्षानुवर्षं सांगितली. त्यात हट्ट कुठे आला?

तिसरं कारण माझ्या डोळ्यांदेखतचं. मूकपटात शिक्षक बोलू शकत होता. १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, बोलपटाचं युग आलं, आणि शिक्षणपटालाही वाचा फुटली. ती इंग्रजी.

मी सातवीत होते, १९८३ साल. आमच्या शाळेत सभागृह नव्हतं. दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन घडी करून बाजूला सारायचं, खिडक्यांना काळं कापड, आणि शंभरेक मुलं खाली बसलेली. मधोमध बाकावर १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. सरांनी फिल्म दातेरी चाकांवरून, गेटमधून ओवली, पण वरचा लूप, म्हणजे फिल्मचा ढिला ठेवायचा वळसा, लहान राहिला असावा. दोन मिनिटांत चित्र थरथरलं, अडकलं, आणि पडद्यावरच्या हृदयाच्या मधोमध तपकिरी डाग उमलत गेला. वास आला. मागच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपाईमामांनी धावत जाऊन बटण बंद केलं. सरांनी जळलेला तुकडा कात्रीने कापला, टेप लावली, पुन्हा ओवली. पुन्हा सुरू झाली तेव्हा आतला माणूस खर्जातल्या इंग्रजीत काहीतरी सांगत होता, आणि आमच्यातल्या एकालाही कळत नव्हतं. सरांनी आवाज पूर्ण बंद केला. हातात पट्टी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “ही बघा झडप. आता उघडेल. उघडली. आता रक्त परत येऊ पाहतंय, येतंय का?” आम्ही ओरडलो, “नाही!” झडप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं ते आवाज बंद केल्यावर. त्या सरांच्या हातातला खडू सुटत नव्हता, असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं.

टीव्हीचंही थोडक्यात सांगते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी उभी राहिली, मराठीतून मुलांसाठी कार्यक्रम करणारी. ती २०१७ मध्ये बंद झाली. कुठल्याही शाळेतल्या बाईंनी ती बंद पाडली नाही.

राहिला स्मार्ट बोर्ड. पडद्याने मुलं शिकतात का, हे कोडॅकच्या पैशाने १९२९ पर्यंतच तपासून झालं होतं. १२ शहरं, जवळजवळ ११,००० मुलं. फिल्म दाखवलेल्या वर्गांचे निकाल सरस आले, पण त्या फिल्म त्या पाठांसाठीच बेतलेल्या होत्या. रिचर्ड क्लार्क या अभ्यासकाने १९८३ मध्ये वर्षानुवर्षांच्या अशा तुलना चाळून म्हटलं की माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक, ट्रक बदलल्याने पोषण बदलत नाही. मला हे थोडं टोकाचं वाटतं. वाटाण्याची वाढ ट्रकशिवाय येणारच नाही. पण आमच्याकडे टेम्पो नवा कोरा आणि आत काय भरलंय हे कुणी पाहिलेलं नाही, असं अनेकदा होतं. बोर्डाबरोबर आलेला मजकूर आमच्या पुस्तकातल्या क्रमाने नाही, आणि अर्धा इंग्रजीत आहे. १९८३ सारखाच मी आवाज बंद करते.

एक गोष्ट मात्र सरांना जमत नव्हती, ती मला जमते. त्यांनी फिल्म थांबवली असती तर जळली असती. मी थांबवू शकते. गेल्या आठवड्यात वाटाण्याच्या रुजण्याची चित्रफीत लावली, साल फुटलं तिथे थांबवली आणि विचारलं, आधी काय बाहेर येईल, मूळ की कोंब? वह्यांत चित्र काढा, मग पुढे जाऊ. कोंबाच्या बाजूने एकवीस मतं पडली, मुळाच्या बाजूने चौदा. त्याच दिवशी ओल्या कापसात खरे वाटाणेही घातले, खिडकीत ठेवले. बोर्डावरचा चाळीस सेकंदांत उगवला. खिडकीतल्या बारांपैकी तीन कुजले, एक कावळ्याने नेला, आणि तो नक्की कुणाचा होता यावरून दोन बाकांमध्ये अजून बोलाचाल बंद आहे.